साडेबेचाळीस

लातूरच्या त्या कॉलेजात सायन्स केलं आणि मारोतीमामांचं अक्षर पाहिलं नाही, असं कुणी सांगितलं तर तो थापा मारतो असं खुशाल समजावं. फिजिक्सच्या लॅबमधल्या प्रत्येक कपाटावरची चिठ्ठी मामांच्या हातची, प्रत्येक यंत्राच्या तळाचा नंबर मामांच्या हातचा. कागदोपत्री हुद्दा प्रयोगशाळा परिचर, शिक्षण दहावी नापास, तेही दोनदा. पण एकतीस वर्षं पोरांच्या मागं उभं राहून त्यांनी जे पाहिलं होतं, त्याच्या जोरावर नव्या नव्या प्राध्यापकांना ते बिनदिक्कत सांगायचे, "सर, आधी तार ताणून घ्या, मग शून्य बघा." आणि सर मुकाट्यानं तार ताणून घ्यायचे.

लॅबमधला मामांचा आवडता प्रयोग तारेचाच. छताला तार टांगायची, खाली अर्ध्या किलोची वजनं एकेक करून चढवायची, तार किती लांबली ते लिहायचं. मग वजनं एकेक करून उतरवायची, पुन्हा लिहायचं. जर्नलमध्ये तीन रकाने: चढता भार, उतरता भार आणि सरासरी. चढताना आणि उतरताना आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. फार फरक पडला की मामा ते जर्नल पोराच्या हातात परत द्यायचे. "चढताना एक अन् उतरताना दुसरंच, असं कुठं असतंय का रं? तार काय माणूस हाय का?"

परीक्षेच्या वेळी मात्र मामांचं काळीज पातळ व्हायचं. बाहेरचे परीक्षक यायच्या आधी एखाद्या घाबरलेल्या पोराची वही ते हळूच ओढून घेत, सरासरीचा रकाना आपल्या मोत्यांसारख्या अक्षरात भरत आणि रफ पानं फाडून टाकत. रफ पान साहेबाला दाखवायचं नसतं, हा त्यांचा नियम. किती डॉक्टर, किती इंजिनियर त्या सरासरीवर तरले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पुढं जे झालं ते याच चांगुलपणातून झालं, हे आधीच सांगून टाकतो. मामांचा राग येईल तेव्हा वाचणाऱ्यानं हे आठवावं.

महामाया सोनकांबळे त्याच लॅबमध्ये तासिका तत्त्वावर शिकवायची. वर्षाला नवी नेमणूक, मे महिन्यात घरी बसायचं, जूनमध्ये पुन्हा अर्ज. अशी अकरा वर्षं झाली होती. वय एकोणचाळीस. मामा औशाकडचे, तीही औशाकडचीच. तिचे वडील आनंदराज आणि मामा जयंतीच्या मिरवणुकीत बरोबरीनं हलगी वाजवायचे. वडील गेले तेव्हा ती बारावीला होती. कॉलेजात मामा तिला चारचौघांत "मॅडम" म्हणायचे आणि कपाटाआड "माय". तिची पीएच.डी. नांदेडला विद्यापीठात नोंदवलेली होती. रात्रंदिवस एसटीनं लातूर-नांदेड करून तिच्या चपलांचे तळ झिजले, मुदतवाढीवर मुदतवाढ मिळाली आणि शेवटची मुदत त्या वर्षीच्या एकतीस मेला संपत होती. गाईड विरूपाक्ष सरही त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. प्रबंध जमा झाला तर कायमच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. नाही झाला तर पुढच्या वर्षी तासिकाही मिळणार नव्हत्या, कारण आता तासिकांनाही पीएच.डी.वाल्यांची रांग लागली होती.

"तुमच्या मॅडमचा इषय तरी काय हाय?" भामाबाई, म्हणजे मामांच्या घरच्या, एकदा विचारत्या झाल्या.

"खडे हायत. त्यात उजेड सोडायचा अन् किती उजेड भाईर येतोय ते बघायचं."

"अन् मग?"

"मग काय, डॉक्टर व्हायचं," मामा म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांना तेवढंच माहीत होतं. एकतीस वर्षांत त्यांना कुणी कशासाठी म्हणून काही सांगितलंच नव्हतं. मामा, भिंग आणा. मामा, दिवा लावा. मामा, पडदा ओढा.

एप्रिलमध्ये हैदराबादच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत तिला चार दिवस मिळाले. तिथं एक यंत्र होतं, ज्यात खडा ठेवला की तो एवढा गार पडायचा, की त्यापुढं बर्फ म्हणजे चहा. पंधरा महिने ती त्या यंत्रासाठी मेल पाठवत होती. मिळालं ते एवढ्याचसाठी की आकडे आपोआप टिपणारा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि तिथल्या लोकांना हातानं आकडे लिहायचा कंटाळा होता. आत अंधारात एकानं बटण फिरवायचं, मीटर वाचायचं, बाहेर दुसऱ्यानं लिहायचं. विरूपाक्ष सरांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. महामायानं मामांना विचारलं. परिचराला असल्या कामासाठी रजा मिळत नाही. मामांनी गुडघ्याचं दुखणं दाखवून डॉक्टरची चिठ्ठी आणली, मेडिकल रजा टाकली आणि दोन धुतलेले सदरे पिशवीत घालून गाडीत बसले. पोरीच्या बापाच्या जागी आपण चाललोय, असं त्यांना वाटत होतं आणि ते काही खोटं नव्हतं.

प्रयोगशाळेच्या गेटवर मोबाइल काढून घेतले. आत काळा पडदा, पडद्याआड महामाया आणि तिचं ते गारठलेलं यंत्र. बाहेर मामा, एक लाल मिणमिणता दिवा आणि चौकोनी कागद. ती आतून आकडा सांगायची, मामा लिहायचे. तीन खडे होते. पहिला विरळ, दुसरा त्याहून जरा दाट, तिसरा सगळ्यात दाट, असं ती म्हणायची. दाट म्हणजे त्यातले विशिष्ट अणू एकमेकांना खेटून बसलेले. पहिले दोन दिवस पहिले दोन खडे झाले. उजेड वाढवत न्यायचा, मग कमी करत आणायचा. चढते आकडे, उतरते आकडे. अगदी सारखे. मामा मनात म्हणाले, वा, पोरीचा हात किती सफाईचा.

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. घसा बसला. चौथ्या दिवशी तशाच अंगानं तिनं तिसरा खडा लावला. चढताना उजेडाचं बटण साठच्या खुणेवर आलं तेव्हा तिनं घोगऱ्या आवाजात सांगितलं, "अकरा." मामांनी लिहिलं. ऐंशीच्या पुढं आकडे एकदम उसळले. मग ती उजेड उतरवू लागली. सत्तर. साठ. "चौऱ्याहत्तर."

मामांचा पेन थांबला. "परत सांगा, मॅडम."

"चौऱ्याहत्तर."

तिनं आणखी दोनदा चढ-उतार केला. तिन्ही वेळा साठच्या खुणेवर चढताना अकरा, उतरताना चौऱ्याहत्तर. ती पडद्याबाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काहीतरी बोलायला गेली, पण घशातून शब्द फुटेना. तिनं मामांचा हात दोन्ही हातांनी धरला, डोक्याला लावला आणि तशीच भिंतीला टेकून खाली बसली.

मामांनी पेनाला टोपण लावलं. गेलं, ते मनात म्हणाले. पंधरा महिने वाट बघितली आणि शेवटचा खडा दगा देऊन गेला. तापात पोरीचा हात थरथरला असणार. पण मग तिन्ही वेळा चूक नेमकी तेवढीच कशी? चूक एवढ्या शिस्तीत कशी होते? हा प्रश्न मामांच्या मनात आला होता. चांगला घटकाभर आला होता. विचारावा असं वाटलंही. पण रडणाऱ्या माणसाला काय विचारायचं, म्हणून ते गप्प बसले.

दुपारी दोनला गाडी. महामाया यंत्र परत केल्याच्या सह्या घ्यायला दुसऱ्या इमारतीत गेली. जाताना खुणेनं म्हणाली, कागद नीट बांधा. बाहेर पडताना प्रत्येक कागदावर गेटच्या साहेबाचा शिक्का लागायचा आणि रफ कागद होते सव्वीस. मामांनी खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. तिन्ही खड्यांच्या चढत्या-उतरत्या आकड्यांची सरासरी काढली. रेघा आखल्या. साठच्या खुणेसमोर सुंदर अक्षरात लिहिलं: साडेबेचाळीस. एका पानात सगळं बसलं. कुठल्याही परीक्षकाचं बोट फरकावर पडणार नाही असं स्वच्छ पान.

"जास्तीचे कागद त्या मशीनमध्ये टाका," ऑफिसमधला माणूस हिंदीत म्हणाला. कागद कापायचं ते यंत्र मामांनी पहिल्यांदाच पाहिलं. सव्वीस कागद त्यांनी एकेक करून त्याच्या तोंडात दिले. खालच्या टोपलीत शेवयांसारखा भुगा पडत होता. त्यांना गंमत वाटली, ती तरी कशाला लपवा.

गाडीत महामायानं प्लॅस्टिकच्या पिशवीतलं ते पान लांबूनच पाहिलं, मामांकडे पाहून हसली आणि ग्लानीत झोपली. तो तिसरा खडा डबीतून निघाला होता, त्याला हवा लागली होती. औशाच्या घरी पोचेपर्यंत त्याचं तोंड दुधाळ झालं, म्हणजे खडा कामातून गेला.

आठवड्यानं ती लॅबमध्ये आली. ताप उतरला होता, आवाज परतला होता. हातात ते पान. पोरं वजनं मांडत होती. ती कपाटाआड आली. "मामा, रफ कागद कुठं हायत?"

"कशाला? सगळं ह्यात घेतलंय की."

"मामा. रफ कागद."

मामांनी सांगितलं. सांगताना निम्म्यातच त्यांना कळलं की काहीतरी फार मोठं झालंय, कारण ती ओरडत नव्हती. ती स्टुलावर बसली आणि नुसती पानाकडे बघत राहिली.

"चढताना अकरा अन् उतरताना चौऱ्याहत्तर," ती शेवटी म्हणाली. "हाच माझा शोध होता, मामा."

"म्हंजी?"

"बाबा अन् तुम्ही मिरवणुकीत हलगी वाजवायचे. माणसं लांब लांब उभी असली तर हलगी हळू झाली की नाचणं बंद. पण गर्दी दाट असली, खांद्याला खांदा लागलेला असला, की एकदा नाचायला लागलेली माणसं हलगी हळू झाली तरी थांबतात का?"

"न्हाई थांबत."

"का न्हाई थांबत?"

मामांना उत्तर माहीत होतं. "शेजारचा नाचत असतो म्हणून."

"तेच. अणू दाट बसले की शेजाऱ्याचं शेजाऱ्याला लागतंय. उजेड तेवढाच, पण खडा आधी विझलेला होता का पेटलेला, त्याच्यावर तो विझलेला राहतो नाहीतर पेटलेला. एकाच उजेडात दोन तऱ्हा. मधली तऱ्हाच न्हाई." तिनं पानावर बोट ठेवलं. "हे साडेबेचाळीस त्या खड्यातून कधी बाहेरच पडलं न्हाई, मामा. एकदाही न्हाई."

बाहेर कुणाचं तरी वजन धाडकन जमिनीवर पडलं, पोरं हसली. आपण एखाद्याचं जितंजागतं लेकरू उचलून जात्यात घातलं, असं मामांना झालं.

"मी तुम्हाला सांगितलंच न्हाई काय शोधायलीय ते," महामाया म्हणाली. "एवढ्या लांब नेलं अन् सांगितलं न्हाई. मी पण बाकीच्यांसारखीच." हे तिनं म्हणायला नको होतं. शिव्या दिल्या असत्या तर मामांना पेलल्या असत्या.

त्यानंतर मामांनी जे जे सुचलं ते केलं. एकटेच हैदराबादला गेले. दोन दिवस गेटवर उभे राहिले. कापलेल्या कागदाचा भुगा मिळेल का, हे त्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत चार पहारेकऱ्यांना विचारलं. एकानं चहा पाजला, बाकीच्यांनी हाकललं. यंत्राची पुढची तारीख नऊ महिन्यांनंतरची होती. परत आल्यावर त्यांनी आठवून आठवून आकडे लिहायला घेतले. अकरा आणि चौऱ्याहत्तर एवढेच दोन खात्रीनं आठवले. भामाबाईंनी ताट वाढून ठेवायचं आणि तसंच उचलायचं, असे दिवस गेले.

अठ्ठावीस मेला नांदेडला समितीपुढं महामायाची हजेरी होती. मामा बरोबर गेले. विद्यापीठापाशी, विष्णुपुरीच्या चढावर बस थांबली तेव्हा ते म्हणाले, "मी आत येतो. सांगतो, मी केलं म्हणून."

"न्हाई यायचं तुम्ही. तिथं तुम्ही कसे होतात, कुठल्या रजेवर होतात, सगळं निघेल. तीस जूनला निवृत्त व्हायलाव. चौकशी लागली तर पेन्शन अडकल. मामींच्या औषधांचं काय?"

"पण माय..."

"बसा इथं."

आणि मामा बसले. कडुनिंबाखालच्या ओट्यावर, दीड तास. दार समोर दिसत होतं. उठून बावीस पावलं चालायची होती, त्यांनी मोजली होती. दोनदा उठले. दोनदा गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले. गुडघा ठणठणीत होता, हे त्यांना आणि आपल्याला माहीत आहे.

ती बाहेर आली. आत तिनं सांगितलं होतं की मूळ नोंदी माझ्या हलगर्जीपणामुळं हरवल्या. विरूपाक्ष सरांनी डोळ्यावर काळा चष्मा लावून तिची बाजू मांडली, पण मूळ नोंदी नाहीत तर शोध नाही. तसा दुसरा खडा नाही, यंत्राची दुसरी तारीख नाही, मुदत नाही. नोंदणी रद्द. बसमध्ये ती खिडकीपाशी बसली.

तीस जूनला कॉलेजच्या हॉलमध्ये मामांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ. विभागप्रमुख नरसिंग सर भाषणात म्हणाले, "एकतीस वर्षांत मारोतीमामांच्या हातून एक आकडा चुकला नाही." टाळ्या झाल्या. महामाया तिसऱ्या रांगेत बसली होती. तिला नव्या वर्षाची नेमणूक मिळालेली नव्हती, ती मामांसाठी म्हणून आली होती. भामाबाई पदर सावरून शेजारी.

मामांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माइकपाशी गेले. शाल खांद्यावरून घसरत होती.

"आकडा चुकला," मामा म्हणाले. "मी मॅडमसंगं हैदराबादला गेलतो. खोटी रजा टाकून. त्यांनी चढते अन् उतरते आकडे काढले, अन् मी त्यांची सरासरी काढली. रफ कागद मी मशीनीत घातले. त्यांची पीएच.डी. त्यांच्यामुळं न्हाई गेली. माझ्यामुळं गेली. त्यांनी माझं नाव सांगितलं न्हाई, अन् मीबी भाईर बसून राहिलो."

मामांनी डोळे मिटून घेतले. काय व्हायचं ते होऊ दे, चौकशी लागू दे, पेन्शन जाऊ दे, एवढीच त्यांची इच्छा होती.

मग नरसिंग सर हसले. अगदी प्रेमानं हसले. माइक आपल्याकडं घेऊन म्हणाले, "मामा, सरासरी काढायला तुम्हाला आम्हीच शिकवलं ना? त्यात कसली आलीय चूक! बघा, जाताना पण दुसऱ्याचा दोष स्वतःवर घेणारा माणूस!" सगळा हॉल हसला. पहिल्या रांगेतले फिजिक्सचे प्राध्यापकही हसले. कुणीतरी ओरडलं, "मामा, रजेचं आता माफ!" आणि आधीपेक्षा दुप्पट टाळ्या पडल्या. फोटोग्राफरनं फोटो काढला. मामा "न्हाई, न्हाई, ऐका" म्हणत राहिले, पण माइक दुसऱ्याच्या हातात होता. संपूर्ण हॉलमध्ये एकच माणूस हसत नव्हतं. मामांनी तिच्याकडं पाहिलं आणि त्यांना हुंदका फुटला. निरोपाचं रडू समजून लोकांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं.

जेवणाची पानं मांडत असताना ते बाहेर आले. महामाया गेटबाहेर रिक्षाची वाट बघत उभी होती. मामांच्या हातात नारळ तसाच होता.

"माय, परत करायचं का? पहिल्यापासून? तेवढीच मेहनत घेतली तर..."

"तेवढ्यानं न्हाई भागत, मामा. तुम्हीच लिहिलं होतं की. एकदा विझल्यावर साठच्या उजेडात खडा परत पेटत न्हाई. ऐंशीच्या पुढं न्यावा लागतो." तिनं लांबून येणाऱ्या रिक्षाला हात केला. "नवी नोंदणी, नवी प्रवेश परीक्षा, नवे गाईड. चाळिशीत. बघू."

"यंत्राची तारीख मिळाली तर मी येतो लिहायला. आता रजाबी लागत न्हाई." मामांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला. "दोन रकाने ठेवतो. दोनच. नेशील का मला?"

रिक्षा आली. महामाया आत बसली. तिनं हात पुढं करून मामांच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली.

"न्हाई, मामा," ती म्हणाली.

मामांनी मान हलवली. रिक्षा नांदेड नाक्याकडं निघून गेली, आणि आतून भामाबाई हाका मारत आल्या, की चला, तुमच्यासाठी सगळे जेवायचे थांबलेत.